मुलाच्या पोटात दुर्बीण : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली. मुलाचं पोट दुखतं, कुणीतरी ‘एच. पायलोरी’ या जठरात राहणाऱ्या जंतूचं नाव काढलं, आणि आता एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून पोटात दुर्बीण घालून तपासणी, करायची की नाही यावर घरात एकमत होत नाही. मी लहान मुलांच्या पोटविकारांची डॉक्टर आहे. आठवड्यातले दोन दिवस ती दुर्बीण माझ्या हातात असते. तिच्यामुळे वेळेवर निदान झालेली मुलं मी पाहिली आहेत आणि उगाचच भूल देऊन तपासलेली मुलंही. म्हणून या अंकाची सगळी जागा याच पत्रांना देते आहे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून तिचं पोट दुखतं, बहुतेक वेळा सकाळी, शाळेच्या आधी. दुखायला लागलं की बेंबीवर हात ठेवून बसते. अर्ध्या तासाने खेळायलाही जाते. वजन-उंची चांगली आहे. शेजारच्या काकांना अल्सर झाला होता, त्यांच्या सांगण्यावरून आम्ही शौचाची तपासणी केली. त्यात एच. पायलोरी पॉझिटिव्ह आला. एक डॉक्टर म्हणतात, दोन आठवड्यांचा कोर्स देऊन जंतू मारून टाकू. दुसरे म्हणतात, आधी एंडोस्कोपी. एवढ्याशा मुलीला दुर्बीण टाकण्यापेक्षा गोळ्या दिलेल्या काय वाईट? – एक आई

उत्तर : तुम्ही दोन पर्याय लिहिलेत. तुमच्या पत्रावरून मला वाटतं की आज तुमच्या मुलीला या दोन्हींची गरज नसावी.

तिच्या पोटात तो जंतू आहे, हे मी नाकारत नाही. शौचाची प्रतिजन तपासणी चांगल्या पद्धतीने केली असेल तर ती सहसा खोटं सांगत नाही. पण ‘जंतू आहे’ आणि ‘पोट त्या जंतूमुळे दुखतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. हेलिकोबॅक्टर पायलोरी बहुधा आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच शरीरात शिरतो, बरेचदा घरातल्याच कुणाकडून. मग तो जठराच्या आतल्या चिकट थरात मुक्काम ठोकतो. जठराच्या अस्तराला थोडी सूज जवळजवळ प्रत्येकाच्याच येते, पण बहुतेकांना ती आयुष्यभर जाणवतसुद्धा नाही. जगभरात अब्जावधी माणसं हा जंतू पोटात घेऊन फिरतात, जेवतात, झोपतात. त्यामुळे पोट दुखणाऱ्या मुलांची तपासणी केली की काहींच्यात तो सापडणारच. न दुखणाऱ्या मुलांची केली तरी सापडेल.

जॉन अ‍ॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९५०च्या दशकात शाळकरी मुलांच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीचा अभ्यास केला. त्यांचं एक निरीक्षण आजही आम्ही वापरतो : दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी एखादा आजार सापडण्याची शक्यता जास्त. मी मुलांना म्हणते, ‘एका बोटाने दाखव, कुठे दुखतं.’ काही मुलं बरगड्यांच्या खाली मधोमध एकाच जागी बोट टेकवतात आणि तिथून ते हलत नाही. काही मुलं पूर्ण तळवा बेंबीभोवती गोल फिरवतात. तुमची मुलगी दुसऱ्या गटातली दिसते. हे दुखणं खोटं नसतं, हे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगा. मुलगी नाटक करत नाही. आतड्यांची आणि मेंदूची आपसातली बोलाचाली जास्त हळवी झालेली असते, आणि सकाळी शाळेच्या वेळेला ती वर उसळते. अशा दुखण्यावर जंतूचं औषध देऊन उपयोग होत नाही. कोर्स संपतो, जंतू कदाचित जातोही, पोट मात्र तसंच दुखत राहतं. मग आईबाप आणखी घाबरतात, कारण ‘कारण’ तर सापडलं होतं!

म्हणूनच युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. तपासणी जंतू शोधण्यासाठी नाही, दुखण्याचं कारण शोधण्यासाठी करायची. नुसत्या कार्यात्मक पोटदुखीत, म्हणजे वर सांगितलेल्या हळव्या पोटाच्या दुखण्यात, या जंतूच्या मागे लागायचं नाही. मोठ्या माणसांमध्ये ‘तपासा आणि औषध द्या’ ही पद्धत चालते, मुलांमध्ये ती वापरू नये असं त्या सांगतात.

‘देऊन टाकू कोर्स, काय बिघडतं’ याचंही उत्तर देते. हा कोर्स दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारं औषध मिळून चौदा दिवसांचा असतो. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, जुलाब होतात आणि नऊ वर्षांची मुलगी सहाव्या दिवशी तोंड घट्ट मिटून घेते. अर्धवट कोर्सने जंतू मरत नाही, उलट औषधाला निर्ढावतो. शिवाय तुमच्या मुलीच्या पोटातल्या जंतूवर कोणतं अँटिबायोटिक चालतं, हे शौचाच्या नेहमीच्या तपासणीतून कळत नाही. पुढे कधी खरोखरच गरज पडली तर पहिलं चांगलं औषध आपण आधीच वाया घालवलेलं असतं.

मी तुमच्या जागी काय करेन? दोन आठवडे एका वहीत लिहीन : दुखणं कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, सुट्टीच्या दिवशी होतं का, शौचाला झाल्यावर बरं वाटतं का. बद्धकोष्ठ आहे का, हे नीट विचारीन. आई-वडिलांना मुलाच्या शौचाची खबर साधारण पाच-सहा वर्षांनंतर नसते, आणि कितीतरी पोटदुख्या तिथेच सुटतात. हिमोग्लोबिन आणि सीलिअ‍ॅक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला होणारा आजार) रक्ततपासणी करून घेईन.

आणि काही गोष्टींवर नजर ठेवीन. पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येणं. वजन घटणं किंवा उंची वाढायची थांबणं. वारंवार उलट्या, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौच. गिळताना अडकणं. कारण न सापडणारा ताप. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला अल्सर किंवा जठराचा कर्करोग. यातलं काहीही असेल तर दुर्बिणीला उशीर करू नका, वय कितीही लहान असो. शेजारचे काका या यादीत येत नाहीत.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. तीन महिने पोटात वरच्या बाजूला दुखतं, रात्री जाग येते, चार किलो वजन कमी झालंय. पुढच्या आठवड्यात माझी एंडोस्कोपी आहे. मला आतलं काही जाणवेल का? श्वास अडकेल का? तुकडे काढतात म्हणे, मग जखम राहते का? आईला विचारलं की ती रडायला लागते. म्हणून तुम्हाला लिहिते.

उत्तर : तू लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझ्या पत्रात रात्रीची जाग आणि घटलेलं वजन आहे, म्हणजे तुझ्या डॉक्टरांनी योग्य वेळी योग्य तपासणी सांगितली आहे. आता सगळं क्रमाने सांगते, काही न लपवता.

आधी घरची तयारी. तू अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असशील तर ती तपासणीच्या आधी किमान दोन आठवडे बंद असायला हवी, आणि कुठलंही अँटिबायोटिक चार आठवडे. गोळी चालू असेल तर आजच फोन करून डॉक्टरांना सांग. तारीख पुढे गेली तरी चालेल. (रक्तस्राव असेल तर मात्र थांबत नाहीत आणि गोळीही बंद करत नाहीत, पण तसं काही तू लिहिलेलं नाहीस.) तपासणीच्या आधी सहा तास काही खायचं नाही. साधं पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील, बहुतेक दोन तास. पोट रिकामं का हवं? भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. हा नियम मनापासून पाळ.

त्या दिवशी हाताला सुई लागेल. ती दुखते, खोटं सांगत नाही. आधी सुन्न करणारं मलम लावून मिळतं का ते विचार. मग औषध जाईल आणि तुला झोप लागेल. तुझ्या वयाची काही मुलं हलक्या गुंगीत तपासणी करून घेतात, काहींना पूर्ण भूल देतात. दोन्हींत बहुतेकांना नंतर काही आठवत नाही. जागी झाल्यावर मुलं मला विचारतात, ‘कधी सुरू करणार?’

तुला डाव्या कुशीवर झोपवतील. दातांमध्ये प्लास्टिकची एक कडी ठेवतील, नळी चावली जाऊ नये म्हणून. नळी म्हणजे तुझ्या करंगळीएवढी जाड, काळी, लवचीक. लहान बाळांसाठी पाच-सहा मिलिमीटरचीही असते. ती अन्ननलिकेत जाते. श्वासाची नळी वेगळी आणि मोकळी राहते. बोटाला चिमट्यासारखं एक यंत्र लावलेलं असतं. ते तुझा ऑक्सिजन सतत मोजतं आणि एक माणूस फक्त त्याच्याकडेच बघत असतो.

आत काय दिसतं? अन्ननलिका फिकट गुलाबी असते, जठर त्याहून लालसर. थोडी हवा भरली की जठराच्या घड्या पडद्यासारख्या सरकून बाजूला होतात. खालच्या टोकाला एक गोल दार असतं, ते उघडझाप करत असतं. ते उघडायची वाट बघून आम्ही पुढे लहान आतड्यात जातो. तिथलं अस्तर मखमलीसारखं दिसतं. कितीही वेळा पाहिलं तरी मला तिथे क्षणभर थांबावंसं वाटतं.

एच. पायलोरीने सूज आलेल्या मुलांच्या जठरात, खालच्या भागात, बऱ्याचदा अंगावर काटा आल्यासारखे बारीक उंचवटे दिसतात. मोठ्या माणसांत हे तितकं दिसत नाही. जंतूशी लढायला जमलेल्या पांढऱ्या पेशींचे ते पुंजके असतात. कधी कधी ते पटकन नजरेत भरत नाहीत. पहिला तुकडा काढला की रक्ताचा एक बारीक ओघळ येतो, तो उंचवट्यांच्या मधल्या फटींत पसरतो आणि सगळा काटा ठळक उठून दिसतो. पण उंचवटे दिसले म्हणजे निदान झालं असं नाही, आणि अस्तर अगदी गुळगुळीत दिसलं म्हणजे जंतू नाही असंही नाही. डोळ्यांवर विसंबायचं नसतं, म्हणूनच तुकडे घ्यायचे.

तुकडा केवढा? टाचणीच्या डोक्याएवढा, दोन मिलिमीटर. जठराच्या अस्तराला असं चिमटीत पकडलं तर दुखत नाही, जागं असतानासुद्धा नाही. जठराचं वरचं अस्तर तसंही काही दिवसांत नवं होत असतं, त्यामुळे जखम राहत नाही. किमान सहा तुकडे हवेत : दोन जठराच्या खालच्या भागातून आणि दोन मधल्या भागातून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, आणि दोन्हीकडचा एक-एक जंतू वाढवून बघायला, म्हणजे कल्चरला. शिवाय लगेच करायच्या एका परीक्षेसाठी आणखी एखादा.

ही शेवटची परीक्षा मला फार आवडते. तुकडा पिवळ्या जेलच्या एका छोट्या खाचेत टाकतात. त्या जेलमध्ये युरिया असतो. एच. पायलोरीकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते युरियाचे तुकडे करून अमोनिया बनवतं, आणि त्या अमोनियाचं कवच अंगाभोवती धरूनच हा जंतू जठरातल्या आम्लात जिवंत राहतो. तोच अमोनिया जेलचा रंग पिवळ्याचा गुलाबी करतो. म्हणजे ज्या युक्तीवर तो जगतो, तीच त्याला पकडून देते. कधी तू शुद्धीवर यायच्या आतच खाच गुलाबी झालेली असते, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघावी लागते.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. नंतर एखादा दिवस घसा खवखवेल, पोट फुगल्यासारखं वाटेल. जोराची आणि वाढत जाणारी पोटदुखी, ताप, रक्ताची उलटी, काळी शौच, श्वासाला त्रास, यातलं काही झालं तर ताबडतोब दवाखान्यात जायचं. हे क्वचितच होतं, पण तुला माहीत असायला हवं.

हे पत्र आईला वाचायला दे. आणि तपासणीनंतर डॉक्टरांना सांग की मला फोटो बघायचे आहेत. पोट तुझं आहे, बघायचा हक्कही तुझाच.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलाची एंडोस्कोपी झाली. एकच तुकडा घेतला, रंगाची परीक्षा निगेटिव्ह आली. तेव्हा तो महिनाभर अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होता, ती बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जंतू नाही. दुखणं तसंच आहे, आणि आता रात्रीही उठतो. काय करावं? – एक वडील

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझ्याच हातून झालेली एक चूक आठवली, आणि ती सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

मी नवी होते. तेरा वर्षांचा एक मुलगा आला, वरच्या पोटात दुखायचं. आम्ल कमी करणारी गोळी चालू होती. मी विचारलंच नाही. दुर्बीण टाकली, जठर जवळजवळ नेहमीसारखं दिसलं. जठराच्या खालच्या भागातून एक तुकडा घेतला, जेलमध्ये टाकला. जेल पिवळंच राहिलं. मी त्याच्या आईला म्हणाले, ‘जंतू नाही, काळजी करू नका.’ ती हसली, तिने माझे हात हातात घेतले. चार महिन्यांनी तोच मुलगा चक्कर येऊन, काळी शौच होऊन भरती झाला. लहान आतड्याच्या सुरुवातीला खोल अल्सर होता. या वेळी सहा तुकडे घेतले. मधल्या भागातल्या तुकड्यांत जंतूंची गर्दी होती.

त्या आईला मी बसवून सांगितलं की पहिल्या वेळी तपासणी अपुरी झाली आणि ती मी केली होती. तिने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मुलगा बरा झाला. पण तेव्हापासून भूल देण्याआधी मी स्वतः विचारते, ‘शेवटची गोळी कधी घेतली?’ आईला, वडिलांना, आणि वेगळं मुलालाही. तिघांची उत्तरं बऱ्याचदा तीन असतात.

असं का होतं ते सांगते. हा जंतू जठरात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, ठिकठिकाणी असतो. आम्ल कमी करणारं औषध चालू असलं की त्याची संख्या घटते आणि तो खालचा भाग सोडून वरच्या भागाकडे सरकतो. एकच तुकडा, तोही खालून, म्हणजे तो जिथून निघून गेला तिथेच शोधल्यासारखं. शिवाय मुलांच्या जठरात जंतूंची संख्या मोठ्यांपेक्षा कमी असू शकते, म्हणून रंगाची परीक्षा मुलांमध्ये एकटी पुरत नाही.

पहिल्या उत्तरात सांगितलेल्या २०१७च्या सूचनांत निदानाची अट अशी आहे : कल्चरमध्ये जंतू वाढला तर तेवढं पुरे. नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली जंतूमुळे आलेली सूज दिसायला हवी आणि सोबत आणखी एक परीक्षा पॉझिटिव्ह हवी. तुमच्या मुलाच्या बाबतीत यातलं काहीच तपासलं गेलेलं नाही. ‘जंतू नाही’ असं म्हणण्याइतका पुरावाच नाही.

रात्री जाग येते आहे, म्हणून हे प्रकरण सोडू नका. मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांना जुना अहवाल दाखवा आणि गोळीची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा. पुन्हा दुर्बीण लागू शकते. तसं ठरलं तर आधी तीन गोष्टी विचारा : गोळी कधी बंद करायची, किती तुकडे घेणार, आणि कल्चरला पाठवणार का. कुठलाही चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावणार नाही.

कल्चरचा आग्रह सगळीकडे पुरा होत नाही, कारण हा जंतू हट्टी आणि सावकाश वाढणारा आहे. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन तो वाढवायचा प्रयत्न करत होते. काचेच्या बशा दोन दिवसांत काही उगवलं नाही की टाकून दिल्या जायच्या. ईस्टरची लांब सुट्टी आली, बशा तशाच राहून गेल्या, आणि परत आल्यावर त्यांच्यावर जंतू वाढलेला दिसला. त्याला फक्त जास्त दिवस हवे होते! २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आजही प्रयोगशाळेला कमी ऑक्सिजनची हवा आणि बरेच दिवस लागतात, तुकडा योग्य द्रवात, थंड ठेवून, वेळेत पोचवावा लागतो. त्रासाचं काम आहे, पण कोणतं अँटिबायोटिक चालेल हे त्यातून कळतं. मुलाला भूल दिलीच आहे, तर त्या वीस मिनिटांतून जे मिळू शकतं ते सगळं मिळवायला हवं.

प्रश्न : एंडोस्कोपी कशाला, रक्ताच्या तपासणीत एच. पायलोरी कळत नाही का?

उत्तर : रक्तात प्रतिपिंडं दिसतात, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं. ती जंतू गेल्यावरही बराच काळ राहतात, आणि लहान मुलांत जंतू असूनही ती पुरेशी नसू शकतात. मुलांमध्ये या तपासणीवर निदान करू नये, आणि औषध तर मुळीच देऊ नये.

प्रश्न : नातवाच्या (वय १२) बायोप्सीच्या अहवालात ‘क्रॉनिक अ‍ॅक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, एच. पायलोरी पॉझिटिव्ह, अ‍ॅट्रोफी नाही, मेटाप्लेजिया नाही’ असं लिहिलं आहे. दुर्बिणीच्या अहवालात अल्सर आहे. मी वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेनेच या जंतूला कर्करोग करणारा ठरवलं आहे. चार रात्री झोप नाही. – एक आजोबा

उत्तर : आजोबा, तुम्ही वाचलेलं खरं आहे. त्या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या जंतूला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. पण जंतूपासून कर्करोगापर्यंतचा रस्ता कित्येक दशकांचा असतो आणि जंतू असलेल्यांपैकी फार थोडे लोक त्या टोकाला पोचतात. मुलांमध्ये तो अतिशय विरळा.

आता अहवाल शब्दाशब्दाने वाचू या. ‘क्रॉनिक’ म्हणजे सूज जुनी आहे. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे अजून चालू आहे, ताज्या लढाईतल्या पेशी दिसताहेत. हे दोन शब्द या जंतूच्या बाबतीत नेहमीचेच. तुमच्यासाठी महत्त्वाचे शब्द पुढचे आहेत : ‘अ‍ॅट्रोफी नाही’, म्हणजे जठराच्या ग्रंथी झिजलेल्या नाहीत, आणि ‘मेटाप्लेजिया नाही’, म्हणजे अस्तराने आपलं रूप बदललेलं नाही. त्या लांब रस्त्यावरचे हे पहिले टप्पे. तुमचा नातू तिथे पोचलेला नाही.

त्याला अल्सर आहे, म्हणून त्याला औषध द्यायचंच, इथे दुमत नाही. जंतू गेला की असे अल्सर सहसा पुन्हा होत नाहीत. आज रात्री झोपा.

प्रश्न : मुलीचं (वय १४) हिमोग्लोबिन वर्षभर लोहाच्या गोळ्या देऊनही वर येत नाही. पोट दुखत नाही, तरी एंडोस्कोपी सांगितली आहे. पटत नाही. – एक आई

उत्तर : मला पटतं आहे. पहिल्यांदाच लोह कमी सापडलं असतं तर मीही दुर्बीण सांगितली नसती. पण गोळ्या खरोखर नियमित घेऊनही लोह भरत नसेल, पाळीत जास्त रक्त जात नसेल, तर ते शोषलं जात नाही किंवा कुठून तरी गळतं आहे. एकाच भुलीत दोन गोष्टी बघता येतात : लहान आतड्याच्या तुकड्यांतून सीलिअ‍ॅक आजार, आणि जठराच्या तुकड्यांतून एच. पायलोरी. या जंतूमुळे जठरातलं आम्ल कमी होऊ शकतं आणि मग लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हीकडचे तुकडे घेणार ना, एवढं विचारून घ्या.

प्रश्न : मुलाचा (वय १०) चौदा दिवसांचा कोर्स काल संपला. दुखणं थांबलं आहे. आता पुन्हा दुर्बीण लागेल का? आणि घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं का?

उत्तर : साध्या अल्सरनंतर पुन्हा दुर्बीण सहसा लागत नाही. पण दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेला, असं समजू नका. आम्ल कमी करणाऱ्या औषधानेही दुखणं थांबतं. जंतू गेला की नाही ते तपासावंच लागतं, श्वासाच्या किंवा शौचाच्या परीक्षेने.

श्वासाच्या परीक्षेत मूल एका पिशवीत फुंकर मारतं, युरिया घातलेलं पेय पितं आणि थोड्या वेळाने पुन्हा फुंकर मारतं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. हा कार्बन-१३, किरणोत्सर्गी नसतो, काळजी नको. सहा वर्षांखालच्या मुलांत ही परीक्षा कमी भरवशाची, त्यांच्यासाठी शौचाची बरी. तुमचा मुलगा दहाचा आहे, त्याला दोन्ही चालतील.

किती डोस चुकले, हेही प्रामाणिकपणे डॉक्टरांना सांगा. दहातला एकाहून जास्त डोस चुकला असेल तर जंतू उरण्याची शक्यता बरीच वाढते. रागावू नका त्याच्यावर. चौदा दिवस त्या चवीच्या गोळ्या घेणं मोठ्यांनाही जड जातं.

घरातल्या ज्यांना काही त्रास नाही, त्यांची सरसकट तपासणी मी सांगत नाही. ज्या मोठ्या माणसाला त्रास आहे, त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. मोठ्यांचे नियम वेगळे आहेत.

तपासणी फार लवकर केली तर ती खोटी निगेटिव्ह येते. म्हणून कालच्या तारखेपासून किमान चार आठवडे मोजा, सहा झाले तरी उत्तम. त्यातले शेवटचे दोन आठवडे अ‍ॅसिडिटीची गोळी अजिबात नको. ती तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.